शून्य हेलिकॉप्टर

कॅनडातल्या १९९३ च्या निवडणूक प्रचारात लिबरल पक्षाचे नेते ज्याँ क्रेतियाँ सभांमधून एक वाक्य हमखास टाकत. मी पेन उचलणार, कागदावर 'शून्य हेलिकॉप्टर' लिहिणार आणि खाली सही करणार, अशा अर्थाचं ते वाक्य. क्रेतियाँ क्वेबेकचे, मातृभाषा फ्रेंच, इंग्रजी ओबडधोबड. पण हे वाक्य लोकांना चटकन कळायचं आणि टाळ्या पडायच्या.

हेलिकॉप्टरं होती ईएच-१०१ जातीची, ब्रिटन आणि इटलीनं मिळून बनवलेली. ब्रायन मलरोनी यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारनं अशी ५० मागवली होती. नौदलाकडची 'सी किंग' हेलिकॉप्टरं १९६३ पासून सेवेत होती आणि ती बदलायला हवीत याबद्दल लष्करात दुमत नव्हतं. पण शीतयुद्ध संपलेलं, सोव्हिएत संघ नकाशावरून गेलेला, बेकारी दोन आकडी. अशा वेळी पाणबुड्या शोधायला ही 'कॅडिलॅक' कशाला, असा लिबरलांचा सवाल होता. मलरोनींनंतर पंतप्रधान झालेल्या किम कॅम्पबेल आधी संरक्षणमंत्री होत्या, त्यामुळे या खरेदीचं ओझं त्यांच्याच डोक्यावर आलं. निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी मागणी ५० वरून ४३ वर आणली. फारसा उपयोग झाला नाही. २५ ऑक्टोबर १९९३ ला मतमोजणी झाली तेव्हा सत्ताधारी पक्षाच्या हाती अवघ्या दोन जागा उरल्या होत्या. मोठ्या लोकशाही देशात सत्तेवरच्या पक्षाची अशी धूळधाण क्वचितच झाली असेल.

४ नोव्हेंबरला क्रेतियाँ यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी करार रद्द केला. त्यापोटी दंड आणि नुकसानभरपाई म्हणून सरकारला जवळपास अर्धा अब्ज कॅनेडियन डॉलर मोजावे लागले. एकही हेलिकॉप्टर हाती न येता.

ओटावात कर्जाचा विषय अर्थ खात्याकडे, विमानांचा आणि जहाजांचा संरक्षण खात्याकडे आणि व्यापार करारांचा व्यापार खात्याकडे. वर्तमानपत्रांतही तिन्हींची पानं वेगळी. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या तिन्हींचा खर्च एकाच थैलीतून झाला आहे. एका खात्यातली बचत दुसऱ्या खात्यातल्या परावलंबनाच्या भरवशावर केली गेली, आणि तो भरवसा डळमळला तेव्हा तिन्ही बिलं एकदम दारात आली. ती बिलं साठत कशी गेली, ते पाहण्यासारखं आहे.

आधी कर्ज. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कॅनडाचं संघ सरकार दरवर्षी तुटीत होतं. पंतप्रधान पिअर ट्रूडो यांच्या काळात सामाजिक योजना वाढल्या, तेलाचे धक्के बसले, तूट वाढली. १९८४ मध्ये आलेल्या मलरोनींनी खर्चाला बराच लगाम घातला. १९८७-८८ पासून तर व्याज सोडून इतर सगळा खर्च करातून भागत होता आणि वर थोडं उरतही होतं. तरी कर्ज वाढतच राहिलं. पगारात घर चालतं, पण जुन्या कर्जाचा हप्ता भरायला दर महिन्याला नवं कर्ज काढावं लागतं, तशी ही अवस्था. त्यात महागाई मोडून काढायचीच, या जिद्दीनं बँक ऑफ कॅनडानं १९९० मध्ये आपला दर १४ टक्क्यांवर नेला. व्याजावर व्याज चढलं. १९९३-९४ साली तूट ४२ अब्ज डॉलरांवर गेली. पुढच्या दोन वर्षांत संघ सरकारच्या महसुलातल्या दर डॉलरमागे ३६ सेंटांच्या आसपास रक्कम नुसत्या व्याजात जाऊ लागली, आणि कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन तृतीयांशांवर पोचलं.

ही आकडेमोड अर्थतज्ज्ञांना ठाऊक होती. मतदाराला ती जाणवली मेक्सिकोमुळे. डिसेंबर १९९४ मध्ये मेक्सिकोचा पेसो कोसळला आणि जगभरचे सावकार पुढचा बुडणारा कोण, ते शोधू लागले. जानेवारी १९९५ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं अग्रलेखात कॅनडाला तिसऱ्या जगाचा मानद सदस्य म्हणून टाकलं. (तिसऱ्या जगात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात एवढं झोंबण्यासारखं काय, असं वाटेल. पण जी-७ च्या पंगतीत बसणाऱ्या देशाला ते चांगलंच झोंबलं.) फेब्रुवारीत मूडीज या पतमापन संस्थेनं कॅनडाची पत फेरतपासणीला घेतली. त्यातच क्वेबेकमध्ये स्वातंत्र्यावर सार्वमत येऊ घातलं होतं. देश एकसंध राहील की नाही हेच माहीत नसेल, तर त्याचे रोखे कोण घेणार?

२७ फेब्रुवारी १९९५ ला अर्थमंत्री पॉल मार्टिन यांनी जो अर्थसंकल्प मांडला, तो आजही तूट कमी करायच्या गोष्टी निघाल्या की दाखल्यादाखल काढला जातो. नव्या कराच्या एका डॉलरमागे खर्चकपातीचे जवळपास सात डॉलर. ४५,००० सरकारी पदं कमी. वाहतूक खात्याचा खर्च तर निम्म्याच्या आसपास कापला गेला. विमानतळ स्थानिक मंडळांकडे गेले, हवाई वाहतूक नियंत्रण पुढच्या वर्षी नॅव्ह कॅनडा या बिगरनफा संस्थेला दीड अब्ज डॉलरांना विकलं, आणि सरकारी रेल्वे कंपनी कॅनेडियन नॅशनल नोव्हेंबर १९९५ मध्ये शेअर बाजारात उतरली. प्रांतांना आरोग्य, शिक्षण आणि समाजकल्याणासाठी जाणारा पैसा एका गठ्ठ्यात बांधून त्यालाही कात्री लावली. दवाखाने चालवतात प्रांत, त्यामुळे बंद पडलेल्या रुग्णालयांबद्दल शिव्या खाव्या लागल्या प्रांतांच्या मुख्यमंत्र्यांना. ओटावाच्या वहीतली तूट कमी झाली खरी, पण तिचा एक भाग टोरोंटो, एडमंटन आणि क्वेबेक सिटीच्या वह्यांत जाऊन बसला.

याच अर्थसंकल्पातलं एक कलम थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतं. कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत, म्हणजे सस्कॅचवन, मॅनिटोबा आणि अल्बर्टात, गहू पिकतो समुद्रापासून हजार-दीड हजार किलोमीटर आत. तो बंदरापर्यंत स्वस्तात न्यावा म्हणून १८९७ साली सरकार आणि कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे यांच्यात करार झाला होता. क्रोज नेस्ट या डोंगरखिंडीवरून त्या भाड्याला 'क्रो रेट' नाव पडलं. पुढे रेल्वेला ते भाडं परवडेना, तेव्हा फरक सरकार भरू लागलं. १९९५ पर्यंत हे अनुदान वर्षाला अर्ध्या अब्जाच्या वर गेलं होतं. मार्टिन यांनी ते संपवलं. शेतजमिनीच्या मालकांना एकरकमी १.६ अब्ज डॉलर दिले आणि हात झटकले. आता टनाला कमी पैसे देणारा गहू एवढ्या लांब न्यायचा तर भाडंच नफा खाऊन टाकणार. म्हणून वजनाच्या मानानं जास्त पैसे देणाऱ्या पिकांकडे शेतकरी झपाट्यानं वळले. कॅनोला, मसूर, वाटाणा. मसुराची लागवड तिथे १९७० च्या दशकातच सुरू झाली होती, पण क्रो रेट गेल्यावर तिनं वेग घेतला. वाशीच्या घाऊक बाजारात कॅनडाचा म्हणून जो मसूर विकला जातो तो तिथलाच, आणि बेसनात मिसळला जाणारा पिवळा वाटाणाही बऱ्याचदा तिथलाच. भारतानं २०१७ च्या अखेरीस वाटाण्यावर ५० टक्के आणि मसुरावर ३० टक्के आयात शुल्क लावलं, तेव्हा आपल्याकडच्या बातम्यांत त्याला चार ओळी मिळाल्या. सस्कॅचवनमध्ये तो मोठ्या चर्चेचा विषय झाला होता.

१९९७-९८ मध्ये कॅनडाच्या तिजोरीत २८ वर्षांनी पहिल्यांदा शिल्लक उरली आणि पुढे सलग दहा वर्षं उरत राहिली. कर्जाचं उत्पन्नाशी प्रमाण ३० टक्क्यांच्या खाली आलं. या यशाचं श्रेय बहुतेक लेखक मार्टिन यांच्या कात्रीला देतात. मला ते अर्धंच पटतं.

एक तर त्या वर्षांत जगभर व्याजदर उतरले. दुसरं, सरकारी खर्च आटला तरी देशातली मागणी मरून पडली नाही, कारण माल अमेरिकेला जात होता. तिथे संगणकांची तेजी होती आणि कॅनडाचा डॉलर घसरत घसरत जानेवारी २००२ मध्ये ६२ अमेरिकी सेंटांच्या खाली गेला, म्हणजे कॅनडाचा माल अमेरिकन गिऱ्हाइकाला स्वस्त. इ.स. २००० च्या सुमारास देशाची निर्यात राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आसपास पोचली, आणि परदेशी गेलेल्या दर शंभर डॉलरांच्या मालातला ८५ डॉलरांहून जास्त माल एकाच शेजाऱ्याकडे गेला. हे दार उघडं होतं ते मुक्त व्यापार करारामुळे. तो मलरोनींनी केलेला, १९८९ पासून लागू, आणि १९८८ ची निवडणूक लिबरलांनी त्याच कराराच्या विरोधात जिवाच्या आकांतानं लढवली होती.

तिजोरी भरणारा दुसरा झरा म्हणजे वस्तू आणि सेवा कर. तोही मलरोनींचाच. तो मंजूर करून घेताना जे घडलं ते संसदीय तमाशाच्या इतिहासात नोंदवण्याजोगं आहे. सिनेटमध्ये लिबरलांचं बहुमत होतं आणि ते विधेयक अडवून बसले होते. मलरोनींनी राज्यघटनेतलं तोवर कधीच न वापरलेलं एक कलम धुंडाळून काढलं, राणीची संमती घेतली आणि एका फटक्यात आठ जादा सिनेटर नेमले. लिबरल सिनेटरांनी मग सभागृहात पिपाण्या वाजवल्या. चांगले वयस्कर, सूटबूट घातलेले सन्माननीय सदस्य सभापतींचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून खेळण्यातल्या पिपाण्या फुंकत होते. १९९१ मध्ये कर लागू झाला. १९९३ मध्ये लिबरलांनी तो काढून टाकायचं वचन दिलं, सत्तेवर आल्यावर ठेवून घेतला, आणि मार्टिन यांच्या शिलकीत त्याचा चांगला मोठा वाटा राहिला. ज्या दोन गोष्टींना लिबरलांनी प्राणपणानं विरोध केला, त्यांच्याच खांद्यावर त्यांची तूट उतरली. कॉन्झर्व्हेटिव्हांना मात्र त्याच दोन गोष्टींच्या रागानं मतदारानं दोन जागांवर आणलं होतं.

आता लष्कर. कपातीच्या दशकाला नंतरचे सरसेनापती जनरल रिक हिलियर यांनी जाहीरपणे अंधाराचं दशक म्हटलं. राजकारण्यांना ते आवडलं नाही, पण तपशील हिलियर यांच्याच बाजूचा आहे. जर्मनीतले कॅनडाचे लष्करी तळ बंद झाले, तीनपैकी दोन लष्करी महाविद्यालयं १९९५ मध्ये मिटली. पाणबुड्या हव्या होत्या त्या १९९८ मध्ये ब्रिटनकडून वापरलेल्या घेतल्या, चार. संरक्षण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास होता तो एक टक्क्याच्या जरा वर येऊन थांबला. हे धाडस ज्या गृहीतकावर केलं, ते कुणी कागदावर लिहिलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. अमेरिका शेजारी आहे, १९५८ पासून नोरॅडच्या रूपानं आकाश दोघांनी मिळून राखलं आहे, कॅनडावर कोण चालून येणार?

२००२ च्या सुरुवातीला कॅनडाचे सैनिक कंदहारला उतरले ते जंगलातला हिरवा गणवेश घालून. भोवती सगळी धूळ आणि वाळू. वाळवंटी गणवेश वेळेत मिळालाच नव्हता. अवजड सामान वाहणारी चिनूक हेलिकॉप्टरं कॅनडानं आधीच नेदरलँड्सला विकून टाकली होती, त्यामुळे दक्षिण अफगाणिस्तानात सुरुंग पेरलेल्या रस्त्यांवरून ट्रकनं जायचं, नाहीतर मित्रदेशांच्या हेलिकॉप्टरात जागा मागायची, असे दोनच मार्ग. २००८ मध्ये जॉन मॅनली यांच्या समितीनं हेलिकॉप्टरं मिळणार नसतील तर मोहीम पुढे चालवू नका, असं स्पष्ट सुनावलं, तेव्हा अमेरिकी सैन्याकडून सहा वापरलेली चिनूक घेतली. त्या युद्धात कॅनडानं १५८ सैनिक गमावले, बरेचसे रस्त्यात पेरलेल्या स्फोटकांनी.

आणि सी किंग? ती उडतच राहिली. एका तासाच्या उड्डाणामागे तीसेक तासांची दुरुस्ती, असं गणित सांगितलं जाई. फेब्रुवारी २००३ मध्ये आखाताकडे निघालेल्या 'इरॉक्वॉय' या युद्धनौकेच्या डेकवर एक सी किंग उडता उडताच आदळलं आणि नौकेला हॅलिफॅक्सला माघारी यावं लागलं. त्याआधी १९९८ मध्ये क्रेतियाँ सरकारनं शोध आणि बचाव कामासाठी पंधरा हेलिकॉप्टरं घेतली होती. 'कॉर्मोरंट' नावानं आलेली ही यंत्रं दुसरी-तिसरी कुठली नसून त्याच ईएच-१०१ च्या घराण्यातली होती. नौदलासाठी २००४ मध्ये सिकोर्स्की कंपनीकडे २८ 'सायक्लोन' मागवली. ती चार वर्षांत येणार होती, पहिली सहा हाती आली २०१५ मध्ये. शेवटचं सी किंग निवृत्त झालं डिसेंबर २०१८ मध्ये, पंचावन्न वर्षांची चाकरी करून. पंधरा आणि अठ्ठावीस मिळून त्रेचाळीस. किम कॅम्पबेल यांनी कापून ठेवलेल्या मागणीचा आकडा नेमका हाच होता.

एका चुकीतून शिकून पुढची टाळावी, असं ओटावात होताना दिसत नाही. स्टीफन हार्पर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारनं २०१० मध्ये ६५ एफ-३५ लढाऊ विमानं घ्यायचं जाहीर केलं आणि खर्चाचे आकडे संसदेपासून दडवल्याच्या आरोपासकट सरकार पडलं. (निवडणुकीत मात्र पूर्ण बहुमतानं परतलं. मतदाराला विमानांच्या हिशेबात फारसा रस नव्हता.) २०१५ मध्ये लिबरलांचे जस्टिन ट्रूडो यांनी ही विमानं घेणार नाही, असं वचन दिलं. मधल्या काळात ऑस्ट्रेलियानं सेवेतून काढलेली जुनी एफ-१८ विमानं विकत आणली, आणि २०२३ मध्ये मागणी नोंदवली ८८ विमानांची. एफ-३५ चीच.

दरम्यान शिलकीचं काय झालं ते थोडक्यात सांगता येतं. हार्पर यांनी वस्तू आणि सेवा कर सातावरून सहा आणि मग पाच टक्क्यांवर आणला. २००८ ची मंदी आली, तूट परतली. ट्रूडो यांनी छोट्या तुटींचं आश्वासन देऊन मोठ्या केल्या. करोनाच्या एका वर्षात, २०२०-२१ मध्ये, तूट ३२५ अब्ज डॉलरांच्या वर गेली. १६ डिसेंबर २०२४ ला अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलंड यांनी तुटीचे नवे आकडे मांडायच्या दिवशीच सकाळी राजीनामा दिला. डोनाल्ड ट्रम्प जकातीची धमकी देत असताना पैसा उधळायची ही वेळ नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. तीन आठवड्यांत ट्रूडोंनीही जायचं जाहीर केलं.

धमकी खरी ठरली. मार्च २०२५ मध्ये कॅनडाच्या बहुतेक मालावर २५ टक्के जकात लागली. व्यापार कराराच्या नियमांत बसणाऱ्या मालाला काही दिवसांतच सूट मिळाली, पण पोलाद आणि ॲल्युमिनियमवर २५ आणि जूनपासून ५० टक्के, मोटारींवर २५ टक्के. वर 'एक्कावन्नावं राज्य व्हा' हा टोमणा. त्याच मार्चमध्ये चीननं कॅनडाच्या कॅनोला तेलावर, पेंडीवर आणि वाटाण्यावर १०० टक्के शुल्क बसवलं. आधी अमेरिकेच्या पावलावर पाऊल टाकून कॅनडानं चिनी विद्युत मोटारींवर १०० टक्के जकात लावली होती, तिचा हा सूड. म्हणजे वॉशिंग्टनची मर्जी राखायला ओंटारियोतल्या मोटार कारखान्यांसाठी घेतलेल्या निर्णयाची किंमत पडली क्रो रेट गेल्यावर कॅनोलाकडे वळलेल्या त्याच शेतकऱ्याला. आणि वॉशिंग्टनची मर्जीही राहिली नाही ती नाहीच.

१४ मार्चला पंतप्रधान झालेले मार्क कार्नी कॅनडा आणि इंग्लंड अशा दोन्ही मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर राहिलेले गृहस्थ. पत म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी त्यांना करावं लागलं ते मार्टिन यांच्या उलट. जूनमध्ये त्यांनी त्याच आर्थिक वर्षात संरक्षण खर्च दोन टक्क्यांवर नेत असल्याचं जाहीर केलं आणि महिनाअखेरीस नाटोच्या हेग बैठकीत २०३५ पर्यंत पाच टक्क्यांचं वचन देऊन आले. ४ नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात तूट ७८.३ अब्ज, कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४२ टक्क्यांच्या आसपास. व्याजात महसुलाच्या दर डॉलरमागे दहा-अकरा सेंट जातात. १९९५ च्या ३६ सेंटांपुढे हे काहीच नाही, आणि कार्नींना कर्ज काढायला जागा उरली ती त्या जुन्या कात्रीमुळेही. पण ज्या हत्यारांसाठी आता कर्ज काढायचं, ती न घेऊनच तेव्हा थोडीफार बचत झाली होती, हेही तितकंच खरं.

कार्नींनी हिशेब मांडायची पद्धतही बदलली. रोजचा खर्च वेगळा आणि गुंतवणुकीचा वेगळा, आपल्याकडच्या महसुली आणि भांडवली खर्चाच्या धर्तीवर. पहिला तीन वर्षांत करातून भागवायचा, कर्ज काढायचं ते फक्त दुसऱ्यासाठी. विरोधक याला आकड्यांची सफाई म्हणतात, आणि गुंतवणुकीच्या रकान्यात काय काय कोंबलं आहे ते पाहता त्यांना अगदीच खोटं ठरवता येत नाही. सरकारी पदंही पुन्हा कमी होणार आहेत, सुमारे ४०,०००. खरेदीत मात्र पूर्वी नसलेला एक प्रश्न आहे, अमेरिकेवर किती विसंबायचं हा. आकाशावर लांबवर नजर ठेवणारं रडार ऑस्ट्रेलियाकडून घ्यायचं ठरलं. बारापर्यंत पाणबुड्यांसाठी जर्मनी आणि दक्षिण कोरियाच्या कंपन्यांत स्पर्धा लावली. राहिलेली एफ-३५ अमेरिकेकडून घ्यायची की स्वीडनची ग्रिपेन, याचा फेरविचार सुरू झाला. एफ-३५ चे सुटे भाग आणि सॉफ्टवेअर वॉशिंग्टनच्या हातात, आणि नोरॅडमध्ये अमेरिकन वैमानिकांच्या जोडीनं उडायचं तर तेच विमान सोयीचं. या पेचातून सुटायला पैसा पुरत नाही.

अर्थसंकल्पावर मतदान झालं १७ नोव्हेंबरला. लोकसभेत ३४३ जागा, लिबरलांकडे बहुमत नव्हतं. अर्थसंकल्प मांडला त्याच दिवशी एक कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार त्यांच्या बाकांवर येऊन बसले होते, ग्रीन पक्षाच्या एलिझाबेथ मे यांनी बाजूनं मत दिलं, तरी गणित जेमतेम जुळत होतं. निकाल लागला १७० विरुद्ध १६८. चार विरोधी खासदारांनी मत दिलं नाही म्हणून सरकार आणि अर्थसंकल्प दोन्ही वाचले. त्या चौघांतल्या एक होत्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाच्या लोरी इडलाउट, नुनावुतच्या खासदार. महाराष्ट्राएवढी सहा राज्यं आरामात मावतील एवढा हा मतदारसंघ, लोकवस्ती चाळीस हजारांच्या आसपास, आणि उत्तर ध्रुवाकडच्या संरक्षणाच्या नावानं निघणाऱ्या धावपट्ट्या, बंदरं आणि रस्ते बांधायचे ते बरेचसे इथेच.